कॉलेजचे खेळाडू, कोट्यवधींचा धंदा: अमेरिकेत शिष्यवृत्तीपलीकडे पैसे द्यायचे की नाही?

ॲन आर्बर हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं विद्यापीठाचं शहर. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एका वेळी १ लाख ७ हजारांहून जास्त प्रेक्षक बसतात, म्हणजे वानखेडेच्या तिपटीहून अधिक. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात घरच्या सामन्याच्या शनिवारी हे मैदान भरलेलं असतं. सामना राष्ट्रीय वाहिनीवर दिसतो, जाहिरातदार रांगेत उभे असतात, दुकानांत खेळाडूंच्या क्रमांकाच्या जर्सी विकल्या जातात. मैदानावर खेळणारी मुलं मात्र व्यावसायिक नसतात. ती त्या विद्यापीठाची १८ ते २२-२३ वर्षांची विद्यार्थी असतात.

या मुलांना २०२१ पर्यंत स्वतःच्या नावावर एखाद्या दुकानाची जाहिरात करूनही पैसे घेता येत नव्हते. विद्यापीठाने आपल्या कमाईतला वाटा थेट त्यांच्या हाती देणं तर जुलै २०२५ पर्यंत नियमाबाहेरच होतं. प्रशिक्षकाला वर्षाला १ कोटी डॉलर मिळू शकत होते. खेळाडूला मिळायची शिष्यवृत्ती: शिक्षणाची फी, राहणं, जेवण, पुस्तकं. तेवढं पुरे आहे का, यावर अमेरिकेत अनेक दशकं वाद चालू आहे आणि गेल्या पाच-सहा वर्षांत त्याला मोठी कलाटणी मिळाली आहे.

माझं मत आधीच सांगतो. ज्या खेळांवर कोट्यवधी डॉलर कमावले जातात, त्यातल्या खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे पैसे मिळायलाच हवेत. पण पैशाइतकंच, किंबहुना जास्तच महत्त्वाचं आहे ते अटी ठरवताना त्यांना बसायला जागा मिळणं. पैसा आता सुरू झाला आहे. ती जागा अजून मिळालेली नाही.

हा प्रकार अमेरिकेतच का?

आपल्याकडे क्रिकेटपटू घडतो तो क्लब, अकादमी, जिल्हा संघ आणि रणजीतून. कुस्तीगीर तालमीत घडतो. आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात, पण त्या पाहायला तिकीट काढून कोणी जात नाही. अमेरिकेत फुटबॉल (आपला पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेट घालून खेळायचा) आणि बास्केटबॉल या दोन खेळांत व्यावसायिक संघांपर्यंत जाणारा मुख्य रस्ता कॉलेजातूनच जातो. व्यावसायिक फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय खेळाडूला घेत नाही. व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, म्हणजे एनबीएने, किमान वय १९ ठेवलं आहे. त्यामुळे अठराव्या वर्षी एखादा मुलगा देशातला सर्वोत्तम क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचा खेळ चालवणारा खेळाडू) असला, तरी त्याच्यासमोर कॉलेजखेरीज फारसा पर्याय उरत नाही. ‘पटत नसेल तर खेळू नका’ असं म्हणणाऱ्यांच्या ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

या सगळ्यावर नियम करणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिची मुळं १९०६ सालची. त्या सुमारास फुटबॉल खेळताना इतके मृत्यू होत होते की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलवावं लागलं. त्यातून पुढे ही संस्था उभी राहिली. म्हणजे तिचा जन्म खेळाडूंच्या जिवाच्या काळजीतून झाला. आज सुमारे ११०० कॉलेजं आणि पाच लाखांहून जास्त खेळाडू तिच्या छत्राखाली आहेत. यातल्या बहुतेकांना वादातल्या पैशाशी काही देणंघेणं नाही. तिसऱ्या श्रेणीतली कॉलेजं तर खेळासाठी शिष्यवृत्तीच देत नाहीत. प्रश्न आहे तो पहिल्या श्रेणीतल्या, त्यातही फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या बलाढ्य विद्यापीठांचा.

तिथला पैसा किती? मार्च महिन्यात होणाऱ्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांचा करार २०१६ मध्ये पुढे २०३२ पर्यंत वाढवण्यात आला. फक्त वाढीव आठ वर्षांची किंमत होती ८८० कोटी डॉलर. ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या गटाने २०२२ मध्ये केलेला टीव्हीचा करार सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरच्या वर गेला.

शिष्यवृत्तीची खरी किंमत

विरोधकांचा मुद्दा हलका नाही. अमेरिकेत नामांकित खासगी विद्यापीठात वर्षाचा एकूण खर्च आता ८० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. शैक्षणिक कर्ज फेडताना तिथल्या अनेक मुलांची पहिली दहा-पंधरा वर्षं जातात. अशा देशात चार वर्षं पूर्ण मोफत शिक्षण, उत्तम प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, फिजिओ आणि शिकवणीचे शिक्षक मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. ज्या घरातून कॉलेजात जाणारा तो पहिलाच, त्या घरासाठी तर आयुष्य बदलणारी. शिवाय एनसीएएचीच आकडेवारी सांगते की कॉलेज खेळाडूंपैकी दोन टक्क्यांहून कमी लोक पुढे व्यावसायिक होतात. बाकीच्यांना पदवीच उपयोगी पडणार.

पण हा मोबदला मिळतो कसा, ते पाहा. नियमानुसार खेळासाठी आठवड्याला २० तास ही सक्तीच्या सरावाची मर्यादा आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंनी २०१४ मध्ये युनियन काढायचा प्रयत्न केला, तेव्हा युनियनचे प्रश्न पाहणाऱ्या सरकारी कामगार मंडळाच्या विभागीय संचालकांसमोर पुरावे आले. हंगामात ही मुलं आठवड्याला ४० ते ५० तास फुटबॉलला देत होती, असा निष्कर्ष त्यांनी नोंदवला. संघाचा क्वार्टरबॅक केन कोल्टर याला अस्थिरोगतज्ज्ञ व्हायचं होतं. वैद्यकीय शिक्षणासाठी लागणारा रसायनशास्त्राचा वर्ग सरावाच्या वेळेत येत होता, म्हणून तो विषय पुढे ढकलावा लागला, असं त्याने साक्षीत सांगितलं. ज्या शिक्षणाला मोबदला म्हणायचं, तेच नोकरीसारख्या सरावाखाली दबून जात असेल तर मोबदला पुरा दिला असं कसं म्हणणार?

आणि नॉर्थवेस्टर्न हे अभ्यासाच्या बाबतीत कडक विद्यापीठ मानलं जातं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात काय झालं ते २०१४ च्या चौकशी अहवालात आलं आहे. तिथे सुमारे १८ वर्षं असे वर्ग चालले जे भरतच नसत. एक निबंध लिहून द्यायचा की चांगले गुण. तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी असे वर्ग घेतले आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. एनसीएएने २०१७ मध्ये विद्यापीठाला त्याबद्दल शिक्षा केली नाही. कारण दिलं की हे वर्ग फक्त खेळाडूंसाठी नव्हते, इतर विद्यार्थीही त्यात होते. मला या सगळ्या वादातली ही सर्वांत संतापजनक गोष्ट वाटते. शिक्षण हाच तुमचा पगार, असं ज्यांना सांगितलं, त्यांना पगारच खोटा दिला.

उपाशीपोटीचा मुद्दाही असाच. २०१४ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाला बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपिअर पत्रकारांना म्हणाला होता की काही रात्री तो उपाशी झोपतो. त्यानंतर काही दिवसांतच एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठवली. तोवर कॉलेजने खेळाडूला किती आणि काय खाऊ घालायचं, यावरही नियम होते.

नियम कशासाठी होता

‘हौशी खेळाडू’ ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या उच्चवर्गाची. खेळ हा सभ्य गृहस्थाचा छंद आणि पोटासाठी खेळणारा हलका, असा तिचा गाभा होता. घरी पैसा असणाऱ्याला हा नियम पाळणं सोपं जातं. १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवणारा जिम थॉर्प हा अमेरिकेच्या मूळनिवासी समाजातला खेळाडू. पूर्वी बेसबॉल खेळून थोडेफार पैसे घेतले म्हणून त्याची पदकं काढून घेतली गेली आणि एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ साल उजाडलं. ऑलिम्पिकने ही कल्पना कधीच सोडून दिली. अमेरिकी कॉलेजांनी मात्र धरून ठेवली.

धरून ठेवण्यामागे व्यवहारही होता. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजचा खेळाडू रे डेनिसन फुटबॉलमध्ये डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही. अशा दाव्यांची धास्ती एनसीएएला होतीच. वॉल्टर बायर्स १९५१ पासून १९८८ पर्यंत या संस्थेचे प्रमुख होते. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हे बिरुद आपण मुद्दाम तयार करून सगळीकडे सक्तीने वापरायला लावलं, हे त्यांनीच निवृत्तीनंतर १९९५ मध्ये लिहून ठेवलं. खेळाडूला कामगार ठरवलं जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. तोवर ते स्वतः या व्यवस्थेचे टीकाकार झाले होते.

कायद्याच्या भाषेत आक्षेप काय आहे, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, राज्यातल्या सगळ्या साखर कारखान्यांनी एकत्र बसून ठरवलं की उसाला भाव द्यायचाच नाही, शेतकऱ्याला फक्त बियाणं आणि खत मोफत द्यायचं. एखाद्या कारखान्याला चांगल्या उसासाठी जास्त द्यावंसं वाटलं तरी बाकीचे त्याला बहिष्कृत करणार. शेतकरी जाईल कुठे? एनसीएएचे नियम नेमकं हेच करत होते. एखाद्या विद्यापीठाला खेळाडूला पैसे द्यायची इच्छा असली तरी बाकी सगळ्यांनी मिळून त्याला मनाई केली होती. अमेरिकेत व्यापारातल्या अशा संगनमताविरुद्ध जुना, कडक कायदा (स्पर्धा कायदा) आहे आणि खेळाडूंचे बहुतेक मोठे विजय त्याच कायद्याखाली झाले.

पहिला धक्का एड ओबॅनन याने दिला. तो १९९५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेच्या विजेत्या बास्केटबॉल संघात होता. पुढे अनेक वर्षांनी त्याला एका व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब आपल्यासारखा खेळाडू दिसला. तोच संघ, तोच क्रमांक, तीच खेळण्याची ढब, आणि त्याला त्याचा एक सेंटही नाही. त्याने २००९ मध्ये दावा लावला आणि २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एनसीएएचे नियम या कायद्याचा भंग करतात असा निकाल दिला. वरच्या न्यायालयाने त्याची धार थोडी कमी केली. मग २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने स्वतःच कायदा केला, की आमच्या राज्यातल्या खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून कमावायला कोणी आडकाठी करायची नाही. इतर राज्यं मागोमाग आली. आपल्या राज्यातले चांगले खेळाडू तिकडे जातील, ही भीती उपदेशापेक्षा प्रभावी ठरली.

२१ जून २०२१ रोजी एनसीएएविरुद्धच्या आल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ९ विरुद्ध ०. प्रत्यक्ष मुद्दा लहान होता, शिक्षणाशी निगडित जादा लाभांवर मर्यादा घालता येईल का एवढाच. त्यातून खेळाडूला अभ्यासातल्या कामगिरीसाठी वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंत देण्याची वाट खुली झाली. पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं मत जोडून सगळ्या इमारतीलाच हात घातला. आम्ही कामगारांना रास्त पैसे देत नाही आणि ते न देणं हेच आमच्या मालाचं वैशिष्ट्य आहे, असा बचाव अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही धंद्याला करता आला नसता, असा त्याचा आशय. एनसीएए कायद्याच्या वर नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. नऊ दिवसांनी संस्थेने माघार घेतली आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना जाहिराती, सह्या, शिबिरं, समाजमाध्यमं यांतून कमाई करायला मोकळीक मिळाली.

मोकळीक मिळाल्यावर

या मोकळिकीचा एक चांगला परिणाम अनेकांच्या अपेक्षेबाहेरचा होता. महिला खेळाडूंनी जोरात कमावलं. आयोवा विद्यापीठाच्या कॅटलिन क्लार्कला कॉलेजात असतानाच नायकी, गेटोरेड आणि स्टेट फार्म यांचे करार मिळाले. २०२४ मध्ये ती व्यावसायिक लीगमध्ये गेली, तेव्हा तिथला पहिल्या वर्षाचा पगार होता साधारण ७६ हजार डॉलर. या मुलींना बाजारात किंमत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. ती किंमत कुणी अजमावूच दिली नव्हती.

दुसरा परिणाम गोंधळाचा. प्रत्येक मोठ्या विद्यापीठाभोवती धनाढ्य माजी विद्यार्थ्यांचे गट तयार झाले. ते जाहिरातीच्या नावाखाली खेळाडूंना पैसे देऊ लागले. त्याच सुमारास दुसऱ्या विद्यापीठात जाताना एक वर्ष बाहेर बसण्याची अटही सुटली. मग दरवर्षी बोली लागू लागली. २०२४ मध्ये लास वेगासच्या विद्यापीठाचा क्वार्टरबॅक तीन सामने खेळून संघ सोडून गेला. कबूल केलेले पैसे मिळाले नाहीत, असं त्याच्या बाजूने सांगण्यात आलं. समोरच्यांनी असा करारच नव्हता म्हटलं. अशी प्रकरणं पाहून ‘बघा, पैशाने खेळ बिघडवला’ म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. विद्यापीठाशी लेखी, दोन्ही बाजूंना बांधणारा करार करायचा रस्ताच बंद ठेवला होता, म्हणून तर मागच्या दाराने तोंडी व्यवहार झाले.

मग ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश विल्कन यांनीच आणखी एका मोठ्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. ॲरिझोना स्टेटचा जलतरणपटू ग्रँट हाउस याच्या नावाने हा खटला ओळखला जातो. तडजोडीत दोन गोष्टी आहेत. २०१६ पासूनच्या खेळाडूंना मागच्या नुकसानीपोटी दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे. आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांनी आपल्या खेळाडूंना कमाईतला वाटा थेट दिला तरी चालेल, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठासाठी कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. बलाढ्य गटांतल्या विद्यापीठांच्या सरासरी उत्पन्नाच्या २२ टक्के धरून हा आकडा काढला आहे. सक्ती मात्र कोणावर नाही. हार्वर्ड, येल वगैरे आयव्ही लीगची विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्तीही देत नाहीत. त्यांनी यातून बाहेर राहायचं ठरवलं.

वाटणीचे कठीण प्रश्न

आता वाद ‘द्यायचे की नाही’ यावरून ‘कुणाला किती’ यावर आला आहे. मागच्या भरपाईतला सुमारे ७५ टक्के वाटा फुटबॉलला, १५ टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला, ५ टक्के महिलांच्या बास्केटबॉलला आणि उरलेले ५ टक्के बाकी सगळ्यांना, असं गणित आहे. पुढच्या वाट्यासाठीही अनेक मोठी विद्यापीठं साधारण हेच प्रमाण धरून चालली आहेत. १९७२ च्या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई आहे. मग हे चालेल का? आठ महिला खेळाडूंनी जून २०२५ मध्येच भरपाईच्या वाटणीविरुद्ध अपील केलं. बायडेन सरकारने जाताजाता सांगितलं होतं की थेट वाट्यालाही तो कायदा लागू होतो. ट्रम्प सरकारने महिन्याभरात ते मार्गदर्शन रद्द केलं.

माझ्या मते, फुटबॉलच्या खेळाडूला जास्त मिळणं समजण्यासारखं आहे, कारण टीव्हीचा पैसा त्याच्यावर येतो. पण महिलांच्या खेळांची प्रसिद्धी आणि प्रक्षेपण यांवर आजवर किती कमी खर्च झाला, हे विसरून ‘बाजार ठरवेल’ म्हणणं अप्रामाणिकपणाचं आहे.

लहान खेळांची चिंता खरी आहे. पोहणं, टेनिस, जिम्नॅस्टिक्स, कुस्ती हे खेळ बहुतेक ठिकाणी फुटबॉलच्या पैशावर जगतात आणि अमेरिकेच्या ऑलिम्पिक चमूतले बहुसंख्य खेळाडू याच कॉलेजांतून येतात. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये पोहणं आणि डायव्हिंग बंद करताना या तडजोडीचा खर्च हे एक कारण सांगितलं. अशा छोट्या विद्यापीठांची ओढाताण मला कळते. मोठ्यांची मात्र पटत नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला काढलं आणि त्याच्या करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं लागली. काम न करण्याचे हे पैसे. जिथे एका माणसाला घरी बसवायला एवढी रक्कम निघते, तिथे टेनिसच्या संघाला पैसे नाहीत हे कारण ऐकून घेऊ नये.

याच टेक्सास ए अँड एमकडून आपली ऋतुजा भोसले टेनिस खेळली. पुढे हांगझोच्या आशियाई खेळांत तिने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. महाराष्ट्रातले काही टेनिसपटू आणि त्यांचे पालक आजही या रस्त्याकडे पाहतात, म्हणून एक गोष्ट त्यांना ठाऊक असावी. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या परदेशी मुलाला अमेरिकेत काम करण्यावर कडक बंधनं असतात. जाहिरातीसाठी चित्रीकरण, पैसे घेऊन शिबिर घेणं हे काम ठरू शकतं आणि व्हिसा धोक्यात येऊ शकतो. पर्ड्यू विद्यापीठाचा कॅनडाचा झॅक ईडी देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला, पण संघातल्या अमेरिकी मुलांसारखे करार त्याला करता येत नव्हते. २०२१ नंतरची बरीचशी सुबत्ता परदेशी खेळाडूंच्या दारावरून पुढे गेली आहे. त्यांच्यासाठी पूर्ण शिष्यवृत्ती हाच आजही खरा मोबदला आहे, आणि ती दरवर्षी नूतनीकरणाची की चारही वर्षांची, हे लेखी विचारून घ्यावं.

नोकर की विद्यार्थी

तडजोडीने न सोडवलेला सर्वांत मोठा प्रश्न हा. खेळाडू कर्मचारी ठरले तर युनियन काढू शकतील आणि पगाराची मर्यादा, बदलीचे नियम, सरावाचे तास हे सगळं वाटाघाटीने ठरेल. एनएफएल आणि एनबीएमध्ये तसंच होतं. तिथेही पगारावर मर्यादा आहे, पण ती खेळाडूंच्या संघटनेने सही करून मान्य केलेली. कॉलेजांची २ कोटी ५ लाखांची मर्यादा कोर्टातल्या तडजोडीतून आली. ज्यांच्यावर ती लागू आहे त्यांच्या कुठल्या संघटनेने ती मान्य केलेली नाही, आणि पुढे कॉलेजात येणारी मुलं तर तेव्हा शाळेत होती.

दुखापतीचं घ्या. एनसीएएने ऑगस्ट २०२४ पासून खेळणं संपल्यानंतर दोन वर्षांपर्यंत खेळातल्या दुखापतीच्या उपचाराचा विमा दिला आहे. पूर्वीपेक्षा हे पुष्कळ चांगलं. पण फुटबॉलमध्ये डोक्यावर वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी होणारा मेंदूचा आजार अनेकदा दहा-वीस वर्षांनी डोकं वर काढतो. संघटना असती तर तिने पैशाच्या आधी हाच विषय मांडला असता, असं मला वाटतं. १९५५ साली डेनिसनच्या पत्नीने मागितलं होतं ते हेच.

न्यायालयांचं आणि मंडळांचं उत्तर अजून एकसारखं नाही. नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंना २०१४ मध्ये विभागीय पातळीवर कर्मचारी मानलं गेलं. २०१५ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाने त्या प्रकरणात हात घालायचंच नाकारलं. जुलै २०२४ मध्ये एका संघराज्य अपील न्यायालयाने सांगितलं की कॉलेज खेळाडू किमान वेतन कायद्याखाली कर्मचारी असू शकतात, ‘हौशी’ म्हटल्याने तो प्रश्न संपत नाही. आयव्ही लीगमधल्या डार्टमाउथच्या पुरुष बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला. शिष्यवृत्तीही न मिळणाऱ्या मुलांनी हे केलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण वर्षअखेरीस, सरकार बदलणार आणि कामगार मंडळाची भूमिकाही बदलणार हे दिसताच, त्यांच्या बाजूने युनियनसाठीचा अर्ज मागे घेण्यात आला. विरोधी निकाल लागून तोच पायंडा पडू नये म्हणून. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकी संसदेत आलेल्या एका विधेयकात कॉलेज खेळाडूंना कर्मचारी मानता येणार नाही आणि एनसीएएला स्पर्धा कायद्यापासून संरक्षण मिळेल, अशा दोन्ही तरतुदी शेजारी शेजारी आहेत. पहिली तरतूद मंजूर झाली तर वाटाघाटीचा रस्ता बंद होतो. दुसरी झाली तर कोर्टाचाही.